आठचा आकडा आणि अठरा पायऱ्या

हे प्रकरण एका निवृत्त गणितशिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली तरी सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. आम्हीही म्हणू लागलो, म्हणून इथंही तेच. मी रक्तविकारांच्या डे-केअर विभागात परिचारिका आहे. कोणाला कोणत्या दिवशी किती रक्त चढवायचं, याची वही माझ्याकडे असते. त्यामुळे या लिखाणात औषधांपेक्षा वेळापत्रक जास्त सापडेल, हे आधीच सांगते.

पार्श्वभूमी

बाई 71 वर्षांच्या होत्या तेव्हा जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन 8.4 निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने त्या चालू राहिल्या. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी, त्या आठ महिन्यांत कुणी केली नाही. खरं तर पहिल्याच रिपोर्टात खूण होती: लोह कमी पडलं की लाल पेशी आकाराने लहान होतात, बाईंच्या मोठ्या होत्या. बी-12 आणि फोलेटही ठीक निघाल्यावर अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार होतात त्या गराची, तपासणी झाली आणि निदान झालं: मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, बोलताना आम्ही एमडीएस म्हणतो.

या आजारात मज्जेत पेशी तयार व्हायला सुरुवात होते, पण बऱ्याचशा पक्व होण्याआधी तिथंच मरतात. मज्जा गच्च भरलेली आणि रक्तात मात्र तुटवडा, असं ते विचित्र दृश्य असतं. बाईंचा प्रकार ‘कमी जोखमीचा’ होता. या शब्दाने घरचे निर्धास्त झाले, आणि तिथंच पहिली गफलत झाली. ही जोखीम प्रामुख्याने आजाराचं रूपांतर रक्ताच्या कर्करोगात होण्याची आणि त्यामुळे आयुष्य कमी होण्याची असते. रोजचा थकवा कमी असेल असं त्यात कुठंच म्हटलेलं नसतं.

रक्तातलं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी तयार करायला लावणारं संप्रेरक, 180 होतं. हा आकडा 500 च्या खाली असला की त्याच संप्रेरकाची इंजेक्शनं लागू पडण्याची शक्यता चांगली असते. ती लागू पडलीही. चौदा महिने हिमोग्लोबिन 10 च्या आसपास राहिलं, मग इंजेक्शनांचा गुण ओसरला. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर लेनालिडोमाइड हे औषध कामी येतं, तसं बाईंचं नव्हतं. लुस्पॅटरसेप्ट या औषधाचा जास्त लाभ ज्यांच्या मज्जेत लोहकणांचं कडं असलेल्या पेशी दिसतात त्यांना होतो. बाईंच्या मज्जेत त्या नव्हत्या. मज्जा प्रत्यारोपण या वयात आणि या जोखीमगटात कुणी सुचवलं नाही. राहिलं रक्त.

अडचण

पहिले पाच महिने नियम साधा होता: हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं की यायचं, दोन पिशव्या घ्यायच्या, घरी जायचं. साधारण दर चार आठवड्यांनी 6.8 वर येत आणि 8.7 वर जात. कागदावर सगळं सुरळीत होतं.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्यांना आडवं पडता येईना. दुपारी दोन्ही पिशव्या पाच तासांत संपवल्या होत्या. छातीत घरघर, उशा रचून बसावं लागलं, पहाटे लघवी होण्याचं इंजेक्शन दिल्यावर मोकळं वाटलं. वयस्क माणसाचं हृदय ताठर झालेलं असतं. रक्त लवकर ओतलं की जास्तीचा द्रव फुप्फुसात साठतो. तेव्हा आम्ही वेग कमी केला, पण दोन पिशव्यांचं गणित तसंच ठेवलं.

पाचव्या महिन्यात बाईंनी डॉक्टरांसमोर एक चौकटीची वही ठेवली. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला अठरा पायऱ्या. रोज संध्याकाळी चढताना पहिल्यांदा कोणत्या पायरीवर थांबावं लागलं, ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. रक्त चढवल्यानंतर तिसऱ्या दिवशी 18, म्हणजे न थांबता. दहाव्या दिवशी 15. अठराव्या दिवशी 11. चोविसाव्या दिवशी 6. सत्ताविसाव्या दिवशी 4, आणि पुढे कंसात ‘बसले’. त्याचा आलेखही काढला होता, करवतीच्या दात्यांसारखा: सरळ वर, मग तिरका उतार, पुन्हा सरळ वर.

“डॉक्टर, महिन्यातले बारा दिवस मी माणसात असते,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सोळा तुमच्या सातच्या आकड्याची वाट बघण्यात जातात.”

मुलगी म्हणाली, “आई, तुझी खोलीच खाली आणू ना.” सगळ्यांत सोपा उपाय होता, आणि आमच्यापैकी कुणालाही तो तोवर सुचला नव्हता. बाईंनी तेव्हा तो झिडकारला. वर त्यांच्याकडे मुलं शिकायला येत. शिवाय जिना गेला तर मोजू कशावर, असंही त्यांचं म्हणणं होतं.

पर्याय

हा 7 आकडा आला कुठून, हे सांगायला हवं, कारण तो नियमासारखा वापरला जातो. त्यामागचा मोठा आधार 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीचा आहे. अतिदक्षता विभागातल्या 838 रुग्णांमध्ये 7 ला रक्त देणं आणि 10 ला रक्त देणं यांची तुलना झाली, आणि 7 पर्यंत थांबल्याने नुकसान होत नाही असं दिसलं. उत्तम चाचणी. पण ते रुग्ण अंथरुणावर होते आणि मोजलं गेलं ते काही आठवड्यांतलं जगणं-मरणं. वर्षानुवर्षं रक्तावर राहून रोज जिना चढणारं माणूस त्यात नव्हतंच. एमडीएसच्याच रुग्णांवर, 8 आणि 10.5 या दोन उंबरठ्यांची तुलना करणारी रेड्स नावाची चाचणी 2020 मध्ये आली. रुग्ण अवघे 38. वरच्या उंबरठ्याच्या गटाला जगण्याचा दर्जा बरा वाटला. एवढ्या लहान चाचणीवरून नियम बनत नाही, पण प्रश्न विचारण्याची मुभा मिळते.

डॉक्टरांनी तीन वाटा मांडल्या. एक, आहे तसंच चालू द्यायचं. दोन, उंबरठा 8 वर न्यायचा, पण दर वेळी एकच पिशवी, दर चौदा दिवसांनी. तीन, 10 च्या वर ठेवायचं.

आम्हाला वाटलं, दुसऱ्या वाटेला रक्त दुप्पट लागेल. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण 1 ने वाढतं. त्यांची घट चौदा दिवसांत साधारण 1. चार आठवड्यांनी दोन काय आणि दोन आठवड्यांनी एक काय, वर्षाच्या पिशव्या 26 च. फरक इतकाच की करवतीचे दाते निम्मे होतात आणि खालचा खोलगट भाग नाहीसा होतो. वरच्या पातळीवर जायला सुरुवातीला एखादी पिशवी जास्त, बस्स. (पुढे कळलं की घट थोडी वाढते, कारण पेशींचं आयुष्य 120 दिवसांचं आणि जितक्या जास्त पेशी तितक्या रोज जास्त मरतात. तिसऱ्या वाटेवर हाच मुद्दा जड होतो.) इतकी वर्षं मी वेळापत्रक लावतेय, पण हा हिशेब कधी असा मांडून पाहिला नव्हता.

किंमत वेगळीकडे होती. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का हे बघायला, ताजा नमुना लागतो. अलीकडे रक्त चढवलेल्या माणसाचा नमुना तीन दिवसच चालतो, कारण नवी प्रतिपिंडं (अँटिबॉडी, परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) कधीही उगवू शकतात. म्हणजे प्रत्येक पिशवीमागे एक नमुन्याचा दिवस आणि एक रक्ताचा दिवस. चार आठवड्यांत दोनऐवजी चार दिवस दवाखान्यात, आणि मुलीच्या तितक्या रजा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “चार दिवस गेलेले परवडले. सोळा नाही परवडत.”

ठरलं ते

दुसरी वाट. एका वेळी एकच पिशवी, तीन ते साडेतीन तासांत. पिशवी शीतपेटीतून बाहेर काढल्यापासून चार तासांत संपलीच पाहिजे, त्यामुळे त्याहून हळू जाता येत नाही. मी एक फेरफार केला: नमुना सकाळी सातला, रक्त दुपारी एकला, त्याच दिवशी. चाराचे दोन दिवस झाले.

सहा आठवड्यांत वहीतला सगळ्यांत खालचा आकडा 12 झाला. आडवं न पडता येण्याची रात्र पुन्हा आली नाही. यात नशिबाचा भाग किती हे मला सांगता येणार नाही. काही रुग्णांना 9 वरही तितकंच गळून गेल्यासारखं वाटतं, कारण या आजारातला थकवा फक्त हिमोग्लोबिनचा नसतो. बाईंना मात्र फरक पडला.

परगावचं रक्त

आठव्या महिन्यात सतराव्या पिशवीआधी रक्तपेढीतून फोन आला: नमुन्यात प्रतिपिंड सापडलंय, अँटी-जेके-ए. आपण ए, बी, ओ आणि आरएच इतकेच गट बोलतो, पण लाल पेशीवर त्याखेरीज कितीतरी खुणा असतात. त्यांतली एक जेके-ए, किड गटातली. ती बाईंच्या पेशींवर नव्हती, रक्तदात्याच्या होती, आणि शरीराने ती परकी म्हणून ओळखली. यापुढे जेके-ए नसलेलंच रक्त द्यायचं. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून माझी एका दिवसाची सोय मोडली. पुन्हा नमुना आदल्या दिवशी.

रक्तपेढीच्या नोंदीत ते लिहिलं गेलं, आमच्या फाइलीत लागलं. मी मुलीला सांगितलं, “अँटिबॉडी आलीय, आता रक्त मिळायला थोडा वेळ लागेल.” एवढंच. हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. त्यात उशिराची सूचना होती, धोक्याची नव्हती.

अकराव्या महिन्यात बाई नातलगांकडे परगावी गेल्या. मुक्काम लांबला, धाप वाढली, तिथल्या दवाखान्यात हिमोग्लोबिन 7.2 निघालं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी रक्त चढवलंय का? हो. कधी रिॲक्शन आली होती? नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. प्रतिपिंड प्रयोगशाळेत सापडलं होतं, बाईंना त्याचा त्रास कधी झालाच नव्हता. त्यांची तपासणीही व्यवस्थित झाली आणि निर्दोष निघाली. किड गटाच्या प्रतिपिंडांचं हेच कुप्रसिद्ध लक्षण आहे: काही महिन्यांत ती इतकी विरळ होतात की नमुन्यात दिसत नाहीत, पण शरीराची आठवण जात नाही. दोन पिशव्या दिल्या गेल्या, आकडा 9.1 झाला, सगळे खूश.

आठव्या दिवशी ताप, पिवळे डोळे, चहाच्या रंगाची लघवी. घरच्यांना कावीळ वाटली. आमच्याकडे आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 5.9, रक्त घेण्याआधी होतं त्याहूनही कमी. बिलिरुबिन आणि एलडीएच वाढलेलं, म्हणजे पेशी फुटत असल्याच्या खुणा, लाल पेशींना प्रतिपिंडं चिकटलीत का हे सांगणारी कूम्ब्स चाचणी सकारात्मक, आणि अँटी-जेके-ए आता ठळक. परकी खूण दिसताच शरीराने जुन्या आठवणीने प्रतिपिंडांचा पूर सोडला होता आणि दिलेल्या पेशी फोडायला घेतल्या होत्या.

निर्णय त्या रात्रीचा होता. 5.9 बघून कुणाचाही हात पिशवीकडे जातो. पण हाताशी असलेलं रक्त जेके-ए असलेलं किंवा न तपासलेलं. ते दिलं तर आगीत तेल. थांबलं तर हृदयावर ताण. बाईंची छाती दुखत नव्हती, शुद्ध स्पष्ट होती, रक्तदाब टिकून होता. डॉक्टरांनी ठरवलं: पूर्ण विश्रांती, प्राणवायू, दर तासाला तपासणी, छातीत दुखलं किंवा गुंगी आली तर मिळेल ते कमीत कमी वाईट रक्त, नाहीतर योग्य पिशवीची वाट. नऊ तास लागले. मूत्रपिंडं सांभाळायला सलाइन हवं आणि फुप्फुसांसाठी ते जपून हवं, अशी दोन्हीकडची ओढाताण होती, म्हणून लघवीचं माप सारखं घ्यावं लागलं. पहाटे योग्य रक्त आलं. नऊ दिवसांनी बाई घरी गेल्या. मूत्रपिंडं वाचली.

तिथल्या दवाखान्याची यात काही चूक काढता येत नाही. चूक आमच्याकडची होती: माहिती कपाटात होती आणि रुग्ण गाडीत.

त्या आठवड्यात आम्ही कार्डं छापली. रक्तगट, प्रतिपिंडाचं पूर्ण नाव, ‘आज तपासणीत दिसलं नाही तरी जेके-ए नसलेलंच रक्त द्यावं’ असं स्पष्ट वाक्य, आणि रक्तपेढीचा नंबर. बाईंचं एक पर्समध्ये, एक मुलीकडे, आणि फोटो दोघींच्या फोनमध्ये.

लोह

एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला 1 ते 2 मिलिग्रॅम घालवतं, त्याहून जास्त बाहेर टाकायची त्याच्याकडे सोय नाही. वर्षाला 26 पिशव्या म्हणजे 5 ते साडेसहा ग्रॅम, आणि प्रौढ माणसाच्या अंगात एकूण लोह असतं 3 ते 4 ग्रॅम. वर सुरुवातीच्या आठ महिन्यांच्या गोळ्या. ते जास्तीचं यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठतं.

फेरिटिन 1,960 आलं, पण ताप-सूज असली की ते फुगतं, म्हणून सहा आठवडे थांबून पुन्हा केलं: 1,780. लोह काढणाऱ्या औषधावर मतं विभागलेली होती. 1,000 च्या वर गेलं की विचार करायचा, हा प्रघात आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याचा लाभ मिळेपर्यंत त्याचाच त्रास नको व्हायला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलेस्टो चाचणीत अशाच जोखीमगटातल्या 225 रुग्णांत, डेफेरासिरॉक्स हे लोह काढणारं औषध घेणाऱ्यांना मोठी गुंतागुंत न होता मिळालेला मध्यक काळ 3.9 वर्षं होता, न घेणाऱ्यांना 3. एकूण आयुर्मानात ठळक फरक दिसला नव्हता. बाईंनी विचारलं, “म्हणजे अकरा महिने?” आणि सुरू करा म्हणाल्या.

आधी कान आणि डोळे तपासले, पहिला महिना दर आठवड्याला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम सांगणारी तपासणी. ते 0.9 चं 1.3 झालं, औषध थांबवलं, तीन आठवड्यांनी निम्म्या मात्रेवर परत सुरू केलं. जुलाब-उलट्या झाल्या तर आमच्याशी बोलेपर्यंत औषध बंद, हे कार्डाच्या मागेच लिहून दिलं. घरात कुणीतरी कौतुकाने आणलेलं ‘रक्तवाढीचं’ टॉनिक याच सुमारास सापडलं. त्यात लोह होतं. इतक्या महिन्यांत आम्ही विचारलंच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, पहिली पिशवी चढवण्यापूर्वी बाईंच्या पेशींच्या इतर खुणांची, निदान आरएचच्या सर्व उपगटांची आणि केल, किड यांची नोंद करायला हवी होती. एकदा दात्याचं रक्त मिसळलं की साध्या तपासणीत कोणाच्या पेशी कोणत्या हे कळत नाही, मग जनुकीय चाचणी करावी लागते. बरेच महिने नव्हे, वर्षं रक्त लागणार हे आम्हाला माहीत होतं. आता आमच्याकडे हे पहिल्याच भेटीत होतं.

छाती भरलेल्या रात्रीनंतर आम्ही फक्त वेग बदलला. खरा प्रश्न दोन पिशव्या एकदम का, हा होता, आणि तो दोन महिने कुणी विचारला नाही. एखादी खोड सवयीची झाली की तिला कारण उरत नाही. विचारायला वहीवाली बाई लागली.

गोळ्यांचे आठ महिने तर सरळ टाळता येण्यासारखे होते.

नऊ तास थांबण्याबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या एका सहकारिणीच्या मते 5.9 वर इतकं थांबणं म्हणजे जुगार होता. मला वाटतं, तेव्हा केलेल्या तपासण्यांवर तो निर्णय टिकतो. पण बाईंना त्या रात्री छातीत कळ आली असती, तर हेच वाक्य मी लिहिलं असतं का, हे मलाही नक्की सांगता येत नाही.

आजची स्थिती

पहिल्या पिशवीला अडीच वर्षं झाली. एकूण 68 पिशव्या. फेरिटिन 1,500 च्या आसपास रेंगाळतंय. नवं प्रतिपिंड आलेलं नाही. चौदा दिवसांचं अंतर मात्र गेल्या काही महिन्यांत अकरावर आलंय, आणि हे कशामुळे ते बघायला हवं: आजार पुढे सरकतोय, की कुठून रक्त जातंय, की पेशी फुटतायत. शेवटच्या दोन शक्यता तपासून झाल्या, काही मिळालं नाही.

खोली खाली आणली गेली, बाईंच्या मनाने, मागच्या वर्षी. वहीत आता पायऱ्यांऐवजी मिनिटं असतात: फळ्यापाशी न बसता किती वेळ उभं राहता आलं. अकरा दिवसांऐवजी पुन्हा चौदावर जायचं आणि खालचा आकडा साडेसात चालवून घ्यायचा का, हा प्रश्न या वेळी त्यांनीच काढला. दवाखान्यातले दिवस आता त्यांना जास्त वाटू लागलेत. उत्तर मज्जेची फेरतपासणी झाल्यावर ठरेल. तिला त्यांनी होकार दिलाय, फक्त मुलांच्या परीक्षेचा आठवडा सोडून तारीख द्या म्हणाल्या.